अब्राहम लिंकन : स्वभाव व मतें यांतील स्थित्यंतर
(तारीखवार कागदांच्या आधारें विवेचन)

एखाद्या ऐतिहासिक पुरुषाचें मत अमुक होतें असें म्हणणें सोपें; तें केव्हां होतें हें सांगणें कठीण. कोणाही मनुष्याचीं विसाव्या वर्षींचीं आणि पन्नासाव्या वर्षींचीं वचनें तारखा गाळून एका माळेंत ओंवलीं, तर त्यांत विरोध दिसणारच. मग भक्त आपणांस हवीं तीं वचनें वेंचतात, निंदक आपणांस हवीं तीं वेंचतात, आणि दोघेही मूळ कागदाचा हवाला देतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सोळावा अध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) याच्या बाबतींत नेमकें हेंच झालें आहे. एका पक्षाच्या मतें तो उपजतच गुलामांचा उद्धारकर्ता. दुसऱ्याच्या मतें तो मनानें गोऱ्यांचाच कैवारी, आणि गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा हा त्याचा केवळ युद्धांतील डाव. लिंकनचेच शब्द दोन्ही पक्षांच्या हातीं आहेत. या वादाचा निर्णय वक्तृत्वानें व्हावयाचा नाहीं. तो कागदांच्या अनुक्रमानेंच झाला तर होईल. म्हणून तो अनुक्रम येथें लावून दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

१. साधनें

लिंकनच्या मृत्यूनंतर त्याचें दप्तर त्याचा वडील मुलगा रॉबर्ट याच्या ताब्यांत गेलें. लिंकनचे चिटणीस निकोले व हे यांनीं त्याचा उपयोग करून १८९० सालीं दहा खंडांचें चरित्र प्रसिद्ध केलें. पुढें रॉबर्टनें १९१९ सालीं हें दप्तर वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत नेऊन ठेविलें, आणि १९२३ च्या दानपत्रांत अशी अट घातली कीं, आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षेंपर्यंत तें कोणासही खुलें करूं नये. रॉबर्ट १९२६ सालीं वारला. दप्तर २६ जुलै १९४७ रोजीं उघडलें. त्यांत १८ हजारांवर कागद होते. बहुतेक पत्रें लिंकनला आलेलीं होतीं, पण त्याच्या हातचे मसुदेही त्यांत होते. नंतर १९५३ सालीं रॉय बॅस्लर याच्या संपादकत्वाखालीं लिंकनच्या लेखनाचे आठ खंड कालानुक्रमानें छापून निघाले.

या साधनांच्या तीन प्रती लावाव्या लागतात. पहिली प्रत म्हणजे स्वहस्ताक्षराचीं, तारीख असलेलीं पत्रें व मसुदे. दुसरी म्हणजे भाषणांचीं वृत्तपत्री टिपणें. १८५८ सालीं लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यामध्यें जे सात वाद झाले, त्यांचीं कात्रणें लिंकननें स्वतः एका वहींत चिकटवून ठेविलीं. आपलीं भाषणें त्यानें आपल्या पक्षाच्या पत्रांतून घेतलीं व डग्लसचीं डग्लसच्या पक्षाच्या पत्रांतून. कारण प्रत्येक पक्षाचा टिपणकार आपल्या वक्त्याचे शब्द नीट देतो आणि प्रतिपक्ष्याचे विस्कळीत देतो, हें तो जाणून होता. आपल्याविरुद्ध पक्षपाताचा आरोप येऊं नये म्हणून घेतलेली ही काळजी संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिसरी प्रत म्हणजे मागाहून सांगितलेल्या आठवणी. त्याचा वकिलींतील भागीदार विल्यम हर्न्डन यानें १८६५ नंतर अशा आठवणी पुष्कळ जमविल्या. त्या टाकाऊ नव्हेत. परंतु सांगणारा मनुष्य हुतात्म्याविषयीं बोलत आहे हें विसरतां येत नाहीं.

याखेरीज बनावट कागदांचा वर्ग आहेच. १९२८–२९ सालीं 'अटलांटिक मंथली' या प्रतिष्ठित मासिकानें लिंकनच्या तारुण्यांतील प्रेमपत्रें म्हणून एक संग्रह छापला. कॅन्सस प्रांत वसाहतीस खुला होण्याच्या कितीतरी आधींच्या पत्रांत तेथें जाण्याचा उल्लेख आढळला, आणि संग्रह बनावट ठरला. अक्षराच्या वळणाची नक्कल करणें जमतें. काळाची नक्कल करणें जमत नाहीं.

२. एकच प्रसंग, दोन पत्रें

स्थित्यंतर कसें ओळखावें याचा उत्तम नमुना म्हणून दोन पत्रें घेऊं. १८४१ सालीं लिंकन आपला मित्र जोशुआ स्पीड याच्या केंटकी संस्थानांतील घरीं राहून आगबोटीनें परत आला. त्या आगबोटीवर एका गृहस्थानें विकत घेतलेले बारा निग्रो गुलाम होते. सहा-सहांच्या दोन टोळ्या करून त्यांस साखळीनें जखडलें होतें. २७ सप्टेंबर १८४१ रोजीं स्पीडची बहीण मेरी हिला लिहिलेल्या पत्रांत लिंकननें हा देखावा वर्णिला आहे. आईबाप, बायकामुलें यांपासून हे लोक कायमचे तुटले व अधिक क्रूर मालकांकडे चालले, हें तो लिहितो; पण त्याचें खरें लक्ष दुसरीकडेच आहे. इतकें होऊनही ते बोटीवरील सर्वांत आनंदी लोक होते, एक जण सारंगी वाजवी व बाकीचे नाचत, गात, पत्ते खेळत, याचें त्यास कौतुक वाटतें. मनुष्य कोणत्याही स्थितींत सुख कसें शोधतो यावर तो थोडें तत्त्वज्ञान सांगतो, आणि पुढें आपल्या दुखऱ्या दाताच्या हकीकतीकडे वळतो.

२४ ऑगस्ट १८५५ रोजीं तोच लिंकन जोशुआ स्पीडला त्याच प्रवासाची आठवण देतो. आतां सारंगी नाहीं, नाच नाहीं. लोखंडानें जखडलेले ते दहा-बारा लोक डोळ्यांपुढें येऊन आपणांस सतत यातना होतात, आणि गुलामगिरीच्या सरहद्दीस जावें तेव्हां तेव्हां असेंच कांहीं दिसतें, असें तो लिहितो.

दुसरें पत्र खोटें, किंवा पहिलें निर्दय, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें दोन्ही निर्णय घाईचे होत. पहिलें पत्र गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतील, जिच्या घरचें आतिथ्य नुकतेंच घेतलें त्या स्त्रीस आहे. त्याचा सूर हलका असणें साहजिक. दुसरें पत्र राजकीय मतभेद झालेल्या मित्रास, कॅन्ससच्या वादाच्या ऐन भरांत लिहिलेलें आहे. त्यांत युक्तिवादाचा हेतु आहे. पत्राचा अर्थ लावतांना लेखकाइतकाच लेखाचा अधिकारीही पाहावा लागतो. परंतु हें सर्व वजा घातलें तरी एक फरक उरतोच. १८४१ सालीं गुलामांच्या स्थितीचें ज्ञान लिंकनला होतें, पण तें ज्ञान त्यास अस्वस्थ करीत नव्हतें. १८५५ सालीं तें अस्वस्थ करीत होतें. माहिती तीच, तिचें वजन बदललें. पुष्कळांचें मतपरिवर्तन याच रीतीचें असतें.

३. स्वभाव : उपहासाकडून संयमाकडे

तरुण लिंकनच्या हातांत उपहासाचें शस्त्र होतें व तें चालविण्यांत त्यास आनंद होता. १८४० सालीं जेसी थॉमस नांवाच्या प्रतिपक्ष्याची त्यानें भर सभेंत अशी नक्कल केली कीं, तो गृहस्थ रडकुंडीस येऊन निघून गेला, अशी आठवण हर्न्डननें दिली आहे. १८४२ सालीं इलिनॉय संस्थानाचा हिशेबतपासनीस जेम्स शील्ड्स याची टवाळी करणारें पत्र त्यानें 'रिबेका' या खेडवळ बाईच्या नांवानें स्प्रिंगफील्डच्या वृत्तपत्रांत छापविलें. शील्ड्सनें द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. शस्त्र निवडण्याचा हक्क लिंकनचा. त्यानें घोडेस्वारांच्या रुंद तरवारी मागितल्या. २२ सप्टेंबर १८४२ रोजीं दोघेही मिसूरीच्या किनाऱ्यावर हजर झाले, पण मित्रांनीं मध्यें पडून समेट केला. पुढें या प्रकरणाची गोष्ट काढलेलीही लिंकनला खपत नसे. निनांवी टवाळीचा त्याचा छंद यानंतर ओसरला. १८६१ सालीं त्याच शील्ड्सला त्यानें ब्रिगेडियर जनरल नेमलें.

अध्यक्षपदावरील कागदांत हा संयम कसा बनत गेला तें दिसतें. ४ मार्च १८६१ च्या पहिल्या अधिकारग्रहणाच्या भाषणाच्या मसुद्याचा शेवट मुळांत शांतता हवी कीं तरवार, अशा प्रश्नानें होत होता. परराष्ट्रमंत्री सूअर्ड यानें सौम्य शेवट सुचविला. लिंकननें सूचना घेतली, पण सूअर्डचे शब्द जसेच्या तसे न घेतां ते आपल्या भाषेंत घडविले. मसुदा टिकल्यामुळेंच हें आपणांस कळतें. छापील भाषणावरून त्या जागीं आधीं आव्हान होतें अशी शंकाही आली नसती.

त्याहून बोधप्रद जोडी १८६३ च्या जुलैंतील आहे. १३ जुलैस लिंकननें व्हिक्सबर्गचा किल्ला घेणाऱ्या जनरल ग्रँटला पत्र धाडलें. मोहिमेंतील एका हालचालीविषयीं आपला अंदाज चुकला व ग्रँटचा बरोबर ठरला, असें त्यानें त्यांत मोकळेपणानें लिहिलें. दुसऱ्याच दिवशीं, १४ जुलैस, त्यानें गेटिसबर्गच्या विजयी जनरल मीडला पत्र लिहिलें. पराभूत ली नदीपार निसटल्याचें दुःख व दोष त्यांत उघड आहे. परंतु हें पत्र गेलेंच नाहीं. तें कधीं धाडलें नाहीं व त्यावर सहीही केली नाहीं, असा शेरा लिंकनच्या हातचा लिफाफ्यावर आहे. राग नाहींसा झाला होता असें नव्हे. रागाचा उपयोग काय याचा विचार राग लिहून झाल्यावर करण्याची शिस्त त्यास लागली होती. शील्ड्सच्या वेळीं जें पत्र छापखान्यांत गेलें असतें, तें आतां मेजाच्या खणांत राहिलें.

४. मतें : काय बदललें, काय बदललें नाहीं

येथें तीन प्रश्न वेगळे करणें अवश्य आहे : गुलामगिरी न्याय्य आहे काय, ती नाहींशी करण्याचा अधिकार कोणास व कोणत्या मार्गानें, आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांचें स्थान काय.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर बदललें नाहीं. ३ मार्च १८३७ रोजीं इलिनॉयच्या कायदेमंडळांत लिंकन व डॅन स्टोन या दोघांनीं निषेधपत्र नोंदविलें. गुलामगिरी अन्यायावर व वाईट धोरणावर उभी आहे, असें त्यांत म्हटलें आहे. पण ती ताबडतोब मोडण्याच्या प्रचारानें अनर्थ वाढतो, व संस्थानांतर्गत गुलामगिरींत हात घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाहीं, असेंही त्याच कागदांत आहे. १८६० सालीं आत्मचरित्रपर टिपणांत लिंकननें याच निषेधपत्राचा निर्देश करून, तेवढ्यापुरतें आपलें मत अजूनही तेंच आहे असें सांगितलें.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पूर्णपणें पालटलें. १८६१ च्या पहिल्या भाषणांत त्यानें, जेथें गुलामगिरी आहे तेथें ती तशीच राखण्याची हमी देणारी घटनादुरुस्ती कायमची झाली तरी आपली हरकत नाहीं, असें सांगितलें. ती मंजूर झाली असती तर तेरावी दुरुस्ती ठरली असती. १ फेब्रुवारी १८६५ रोजीं त्याच लिंकननें ज्या ठरावावर सही केली तीच पुढें प्रत्यक्ष तेरावी दुरुस्ती झाली. तिनें गुलामगिरी नष्ट केली. या दोन टोकांच्या मध्यें चार वर्षें आणि एक यादवी युद्ध आहे. ४ एप्रिल १८६४ रोजीं केंटकींतील संपादक हॉजेस याला त्यानें लिहिलें कीं, घटना आपण घडविल्या असा आपला दावा नाहीं. घटनांनींच आपणांस चालविलें, हें आपण उघड मान्य करतों.

या मधल्या काळांतील एका पत्रानें फार गैरसमज झाला आहे. २२ ऑगस्ट १८६२ रोजीं संपादक होरेस ग्रीली यास लिंकननें लिहिलें कीं, राष्ट्राचें ऐक्य राखणें हें आपलें मुख्य ध्येय. त्यासाठीं एकही गुलाम मुक्त न करावा लागला तर तसें, सर्व करावे लागले तर तसें करूं. एवढेंच वाचलें तर मुक्तीविषयीं तो उदासीन होता असें वाटतें. पण तारखा पाहाव्या. मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानें मंत्रिमंडळापुढें २२ जुलैसच, म्हणजे बरोबर एक महिना आधीं, वाचला होता. युद्धांत एखादा विजय मिळेपर्यंत थांबावें, ही सूअर्डची सूचना मान्य करून तो बाजूस ठेविला होता. १७ सप्टेंबरच्या अँटिएटमच्या लढाईनंतर २२ सप्टेंबरास तो प्रसिद्ध झाला. तेव्हां ग्रीलीचें पत्र अनिश्चयाचें नसून, ठरलेल्या गोष्टीसाठीं लोकमताची भूमि तयार करणारें आहे. पत्राच्या शेवटीं, हें आपलें अधिकृत कर्तव्य सांगितलें, सर्वत्र सर्व मनुष्यें मुक्त असावींत ही आपली वैयक्तिक इच्छा कायम आहे, असेंही तो लिहितो. तें वाक्य गाळणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत उशिरां व सर्वांत कष्टानें बदललें, आणि येथें भक्तांनीं डोळे मिटून घेऊं नयेत. १६ ऑक्टोबर १८५४ च्या पिओरिया येथील भाषणांत गुलामगिरीस अघोर अन्याय म्हणणारा लिंकन, काळ्यांस बरोबरीचे राजकीय व सामाजिक हक्क देण्यास आपलें मन घेत नाहीं, असें म्हणतो. १० जुलै १८५८ रोजीं शिकागोस त्यानें हा वंश व तो वंश ही भाषा सोडण्याचें आवाहन केलें. १८ सप्टेंबरास चार्ल्सटन या दक्षिणी वळणाच्या गांवीं मताधिकार, पंचगिरी व मिश्रविवाह यांस आपला विरोध असल्याचें त्यानें स्पष्ट सांगितलें. १४ ऑगस्ट १८६२ रोजीं काळ्या लोकांच्या शिष्टमंडळास बोलावून त्यानें मध्य अमेरिकेंत वसाहत करण्याचा उपदेश केला. १८६३ सालीं हैतीजवळच्या एका बेटावर सुमारे साडेचारशे माणसें धाडण्यांतही आलीं; रोगराईनें व उपासमारीनें तो प्रयोग फसला आणि १८६४ सालीं उरलेल्यांस परत आणावें लागलें. १ जुलै १८६४ च्या रोजनिशींत चिटणीस हे यानें, अध्यक्षानें वसाहतीची कल्पना टाकून दिल्याबद्दल समाधान नोंदविलें आहे.

बदलाचें कारण स्पष्ट आहे. १ जानेवारी १८६३ च्या अंतिम जाहीरनाम्यानें काळ्यांस सैन्यांत घेण्यास वाट मोकळी केली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई भरती झाले. १० ऑगस्ट १८६३ पासून, स्वतः गुलामगिरींतून पळून आलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस याच्याशीं लिंकनच्या प्रत्यक्ष भेटी झाल्या. ज्यांनीं देशासाठीं रक्त सांडलें त्यांस देशाबाहेर जा असें म्हणणें त्यास अशक्य झालें. १३ मार्च १८६४ रोजीं लुइझियानाचा गव्हर्नर हान यास धाडलेल्या खाजगी पत्रांत, बुद्धिमान काळ्यांस व शौर्यानें लढलेल्या शिपायांस मताधिकार द्यावा, अशी भीत भीत सूचना आहे. ११ एप्रिल १८६५ रोजीं तीच गोष्ट तो जाहीर सभेंत बोलला. श्रोत्यांत नट बूथ होता. तीन दिवसांनीं त्यानें लिंकनवर गोळी झाडली; १५ एप्रिलास लिंकन वारला.

५. संधिसाधूपणाचा आक्षेप

पूर्वपक्ष असा कीं, हीं सर्व पावलें सोयीचीं होतीं. वारा फिरला तसें शीड फिरलें. याची कसोटी, सोय उलट दिशेस ओढीत असतां तो काय करतो, ही. अशी वेळ १८६४ च्या ऑगस्टांत आली. युद्ध रेंगाळलें होतें, निवडणूक हरणार असें पक्षाचे लोक सांगत होते, आणि मुक्तीची अट सोडून तहाचें बोलणें लावावें असा दबाव होता. १७ ऑगस्टास रॉबिन्सन नांवाच्या संपादकास लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यांत लिंकन डळमळला आहे. दक्षिणेनें गुलामगिरीची गोष्ट न काढतां ऐक्य देऊं केलें तर पाहूं, अशा अर्थाचें वाक्य त्यांत आहे. पण काळ्या शिपायांस दिलेलें वचन मोडतां येत नाहीं, हाही युक्तिवाद त्याच मसुद्यांत आहे. तो मसुदा त्यानें फ्रेडरिक डग्लसला वाचून दाखविला. डग्लसनें धाडूं नये असें सांगितलें, व तो गेला नाहीं. २३ ऑगस्टास त्यानें एक टिपण लिहून त्याची घडी घातली व आंत काय आहे हें न दाखवितां पाठीवर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. आपण बहुधा निवडून येणार नाहीं, तरी नव्या अध्यक्षाच्या हातीं कारभार जाण्यापूर्वीं ऐक्य राखण्याचा यत्न करूं, असें त्यांत होतें. हार समोर दिसत असतांही मुक्तीची अट त्यानें मागें घेतली नाहीं. म्हणून आमचा सिद्धान्त असा : सोय हें त्याच्या वेगाचें कारण होतें, दिशेचें नव्हे.

६. तारीख नसलेला एक कागद

ईश्वरी इच्छेविषयींचें एक लहानसें चिंतन लिंकनच्या हातचें आहे. दोन्ही पक्ष ईश्वर आपल्या बाजूस आहे म्हणतात, पण त्याचा हेतु दोघांहूनही निराळा असूं शकेल, असा त्याचा भाव. त्यावर तारीख नाहीं, मथळाही नाहीं. मथळा मागाहून चिटणिसांनीं दिला. संपादकांनीं तो कागद १८६२ च्या सप्टेंबरांत घातला. अलीकडील अभ्यासकांत त्यास १८६४ कडे ओढणारेही आहेत. ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या अधिकारग्रहणाच्या भाषणांत हाच विचार परिपक्व होऊन येतो. त्यांत विजयाचा गर्व नाहीं, आणि गुलामगिरीच्या पापाचा वांटा उत्तरेच्याही माथीं घातला आहे. चिंतन १८६२ चें धरलें तर जाहीरनाम्याच्या निर्णयाशीं त्याचा संबंध जडतो व विचार अडीच वर्षें मुरला असें म्हणावें लागतें. १८६४ चें धरलें तर युद्धांतील संहाराचा तो परिणाम ठरतो. एका तारखेच्या अभावीं एका मनाचा इतिहास दोन प्रकारें लिहितां येतो.

७. उपसंहार

हा विषय महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं. याच युद्धानें अमेरिकेचा कापूस इंग्लंडास जाईनासा झाला, मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरून पेढ्या बुडाल्या. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें.

आमच्या मंडळींस या विवेचनाचा उपयोग मात्र निराळा आहे. आपल्या दप्तरांतील पुष्कळ पत्रांवर नुसती तिथि किंवा चंद्र असतो, साल नसतें. आणि साल ठरवितांना, आपण त्या पुरुषाविषयीं आधींच जें मत बनविलें असेल त्यास जुळेल तें साल घेण्याचा मोह होतो. मग त्या सालावरून तेंच मत सिद्ध केलें जातें. हा अन्योन्याश्रय टाळावयाचा तर पत्रांतील मजकुराइतकेंच त्याच्या भोंवतालचें सर्व जपलें पाहिजे : पाठीवरील शेरा, घडीच्या खुणा, खोडलेल्या ओळी, लिफाफा. मीडच्या पत्राचा लिफाफा कोणी केरांत टाकला असता, तर विजयी सेनापतीस दुसऱ्याच आठवड्यांत खडसावणारा कठोर अध्यक्ष म्हणून लिंकनचें चित्र आज सर्व पुस्तकांत असतें, आणि तें सिद्ध करण्यास त्याचेंच हस्ताक्षर पुढें करण्यांत आलें असतें.